मास्तरांचा बांध

वरसे, रोहा
२० सप्टेंबर १९९६

चि. काळुराम यास,

आशीर्वाद लिहू की नको, यातच पंधरा मिनिटं गेली. शेवटी लिहिते. अनेक आशीर्वाद.

सात वर्षांनी माझं अक्षर पाहून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. बाबा आहेत, आई आहे, आणि तू विचारणार नाहीस तरी सांगते, मीही आहे. हरेशच्या कंपनीतल्या शिफ्ट सुपरवायझरचा भाऊ तुमच्या नौदलात निघाला, त्याच्याकडून तुझा विशाखापट्टणमचा पत्ता मिळवला. सख्ख्या भावाचा पत्ता मला नवऱ्याच्या सुपरवायझरला मस्का लावून काढावा लागतो, बघ.

आधी कामाचं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गावकी बसणार आहे. आपल्या घराचा बांधावरचा वाटा काढून तो कमळाकर पंचांच्या धाकट्या मुलाला द्यायचा, असं घाटतं आहे. इंजिनात डोकं घालून तू विसरला असशील, म्हणून बालवाडीतल्या पोरांना सांगते तसं सांगते. खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून भात राखायचं तर बांध हवा. बांध राखायचा तर जोळ हवा. जोळात दर घराचा एक माणूस, आणि बांधाचा एक तुकडा त्या घराचा वाटा. कुठे खांड पडली, म्हणजे बांध फुटला, की हाक जाते आणि जोळातल्या शेजारगावांचीही माणसं धावतात. घराचा जवान माणूस आठ वर्षं बांधावर दिसला नाही, तर तो वाटा दुसऱ्याला जातो आणि त्याच्यामागचं शेतही. बाबा असेपर्यंत त्यांच्या कसण्याला कोणी हात लावणार नाही, पण पुढे त्या गावात तुझं म्हणून काही उरणार नाही. आठ वर्षं या दिवाळीला भरतात.

बाबा सत्तरीला आले आहेत. अजून स्वतःच चिखल काढतात, स्वतःच लिंपतात. कोणी मदतीला आलं तर म्हणतात, "तुमचा वाटा तुम्ही बगा." तुझं नाव ते घेत नाहीत. आईने घेतलं तर उठून बाहेर जातात.

अठ्ठ्याऐंशीचं मी उगाळणार नव्हते, पण पेन हातात आल्यावर राहवत नाही. त्या दिवाळीला तू येणार म्हणून बाबांनी गावभर सांगून ठेवलं होतं. लोक म्हणाले, उधाण मोठं आहे, जोळातली दोन माणसं तुमच्या वाट्यावर घ्या. बाबा म्हणाले, नको, माझा पोरगा येतोय. तू आला नाहीस. तू मालदीव नावाच्या कुठल्या बेटांवर दुसऱ्याचं घर राखायला गेला होतास. अमावस्येच्या भरदुपारच्या उधाणाला नेमकी आपल्याच वाट्यावर खांड पडली. गावाचे कापून ठेवलेले भाताचे भारे खाडीत गेले आणि पुढची तीन वर्षं त्या जमिनीत धड काही उगवलं नाही. गावातलं कोणी बाबांना एका शब्दाने बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

मग मे महिन्यात तू आलास, "मी कळवलं होतं" म्हणालास आणि बाबांनी पाठ फिरवली. कळवलं होतंस तर पोचलं का नाही, ते मला विचारू नकोस. त्यानंतर मी तुला लिहिलं होतं, तुझा बांध कुठला ते एकदा ठरव. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

ये. एक दिवस बांधावर उभा राहा, चार घमेली चिखल टाक, आणि मग पुन्हा हवं तिथे जा.

तुझी,
ताई


वरसे, रोहा
२९ सप्टेंबर १९९६

चि. काळुराम,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. जे पाहिलं ते पोटात ठेवून दोन रात्री मला झोप लागलेली नाही.

परवा शुक्रवारी सकाळी आठला दारात एक अनोळखी माणूस. सावळा, ठेंगणा, इस्त्रीचा शर्ट, बुटांना आपल्याकडची लाल माती. म्हणाला, "मास्तर काळुराम की बहन?" मी म्हटलं, कोण मास्तर? आमचा काळू इंजिनं पुसतो. त्याला ते आवडलं नाही. चेहरा एवढासा झाला, म्हणून मग चहा टाकला.

त्याचं नाव इब्राहिम मनिकू. मालदीवच्या सुरक्षादलात बोटींची इंजिनं बघतो. आपल्या सरकारने बोलावलं म्हणून सहा महिने लोणावळ्याला नौदलाच्या इंजिनाच्या शाळेत शिकायला आला आहे. ब्याण्णव ते चौऱ्याण्णव तू त्यांच्याकडे शिकवायला होतास, हे मला माझ्याच ओट्यावर परक्याने सांगितलं. निघताना तू त्याला तुझी हत्यारांची पेटी दिलीस. त्या पेटीच्या झाकणाला आतून माझा पत्ता चिकटवलेला होता, म्हणून तो इथवर आला.

काळू, हे ऐकल्यावर मी आत जाऊन दूध उतू जाईपर्यंत उभी राहिले. लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

त्याला एकच हवं होतं. "मास्तरांच्या गावचा बांध बघायचा आहे." पौर्णिमा होती, भरती बाराच्या सुमाराला. बालवाडी सोडून मी त्याला एसटीत घातलं. त्याचं हिंदी सिनेमातलं आणि माझं बाजारातलं, पण जमलं. निडीपाशी त्याने खिडकीतून डोंगर बघितले आणि मान वर करून बघतच राहिला. त्यांच्या देशात हजाराच्या वर बेटं आहेत आणि एकावरही डोंगर नाही, नदी नाही. सगळ्यात उंच जमीन दीड पुरुष! मी दोनदा विचारलं, देशातली की तुझ्या गावातली? म्हणाला, अख्ख्या देशातली. मी आयुष्यभर खाडीकाठी वाढले, मला समुद्राचं कौतुक कोणी सांगू नये असं वाटायचं. पण चारी बाजूंनी समुद्र आणि मध्ये दीड पुरुष जमीन घेऊन ही माणसं निवांत झोपतात, झेंडा लावतात, शाळा चालवतात, हे ऐकून मी हातच जोडायचे बाकी होते.

मग त्याने अठ्ठ्याऐंशी सांगितलं. तेव्हा तो सतराचा, राजधानीत मामाकडे. पहाटे बंदुका सुरू झाल्या. बाहेरून बोटीने आलेल्या भाडोत्री लोकांनी गाव धरलं. हा दिवसभर पाण्याच्या टाकीखाली पडून. त्यांच्या सरकारने फोनवरून मदतीची हाक मारली, एकाला नाही, बऱ्याच देशांना. "तुमचे लोक त्याच रात्री विमानाने उतरले," म्हणाला. "सकाळी मी टाकीखालून निघालो तर रस्त्यात उंच उंच शिपाई. एकाने मला बिस्किटं दिली." धरून आणलेली माणसं घेऊन एक बोट पळाली, तिच्या मागे तुमची जहाजं गेली, त्यातल्या एकावर तू होतास. हे तू आम्हाला कधी सांगितलं नाहीस. आम्ही तरी कुठे विचारलं!

आणि मग तो म्हणाला, "आले याचं नवल नाही ताई. काम झाल्यावर बहुतेक सगळे परत गेले, त्याचं नवल. आमचा देश तुमच्या मुठीत मावला असता."

गडबला उतरून टेम्पोने आणि मग पायी. पोचलो तेव्हा भरती भरत आलेली. बाबा आपल्या वाट्यावर चिखल लिंपत होते. मनिकू बांधावर चढला आणि एकदम खाली बसला. मला वाटलं ऊन लागलं. तर तो एकदा डावीकडे बघे, एकदा उजवीकडे. डावीकडे खाडी काठोकाठ, उजवीकडे हिरवंगार भात, आणि पाणी भाताच्या वर. आपण जन्मापासून बघतो म्हणून आपल्याला काही वाटत नाही. मी त्याच्या शेजारी बसून त्याच्या डोळ्यांनी बघितलं, आणि खरं सांगते, मला भीती वाटली आणि अभिमानही वाटला. चिखल, माणसाचे पाय आणि वर्षानुवर्षं दिलेली हाक, एवढ्यावर समुद्र थोपवून धरलाय आपल्या लोकांनी.

"हे," तो म्हणाला, "मास्तर आम्हाला हे बांधायला सांगत होते."

बाबांनी फावडं थांबवलं.

पुढचं त्याने सांगितलं आणि मी बाबांना आपल्या बोलीत सांगत गेले. बोटींच्या कामाला एका छोट्या बेटावर तुमचा मुक्काम होता. उधाणाचं पाणी नारळीच्या बागेत आलं. तू फावडं मागितलंस. बेटावरच्या सगळ्या घरांना बोलावलंस, दर घराचा एक माणूस आणि एक वाटा पाडलास, अगदी आपल्यासारखा. सगळ्यात वाईट तुकडा स्वतःकडे घेतलास. चौदा दिवस बायका, म्हातारे, शिपाई वाळू आणि माडाचे सोट वाहत होते. तू पुढे होऊन पायांनी चेचत होतास आणि मराठीत ओरडत होतास. कमरेएवढा बांध उभा राहिला. मग उधाण आलं. बाहेरचं पाणी बाहेर राहिलं, आणि आतलं पाणी जमिनीतून वर आलं! त्यांची बेटं म्हणे पोवळ्यांची आणि वाळूची, चाळणीसारखी. पाणी खालून येतं.

मी हे सांगितलं आणि बाबा हसायला लागले. काळू, बाबा हसले. हातातलं फावडं टाकून, कमरेवर हात ठेवून.

"वाळूचा बांध? येडा हाय काय त्यो?"

सात वर्षांत तुझ्याबद्दल निघालेले पहिले शब्द हे. मी ते जपून आणले आणि तुला पाठवते आहे.

मनिकू मात्र हसला नाही. म्हणाला, बेटाच्या म्हाताऱ्या प्रमुखाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. पण कोणी बोललं नाही. पाणी आत आलं तेव्हा तू बंदरावर इंजिनात होतास. परत आलास तेव्हा त्यांनी आतलं पाणी उपसून टाकलं होतं आणि म्हाताऱ्याने सांगितलं, फार उत्तम झालं, पाणी कमी आलं. तू खूश होऊन गेलास. अजूनही दर वर्षी ते लोक त्या बांधाची डागडुजी करतात. नाव काय, तर मास्तरांचा बांध. त्याच्यामुळे आत आलेलं पाणी बाहेर जात नाही, विहीर खारी झाली, माड मरायला लागले. पण तुमच्याकडचा कोणी पाहुणा आला आणि त्याने विचारलं, मास्तरांचा बांध कुठे आहे, तर काय दाखवायचं?

बाबा म्हणाले, "तवाच त्याला सांगायचं ना, नको म्हनून!"

मनिकू बाबांकडे बघून म्हणाला, "बाबा, तुमचा देश केवढा आणि आमचा केवढा. ज्याच्या लोकांनी जीव वाचवला त्याला 'नको' म्हणायला जीभ उचलत नाही. घरच्या माणसाने सांगितलं तर मास्तरांचाही मान राहील आणि आमचाही. म्हणून मी ताईंकडे आलो."

बाबा पुन्हा चिखल लिंपायला लागले. मनिकूने बूट काढले, पँट वर केली आणि न विचारता त्यांच्या हाताखाली घमेली दिली. आईने त्याला तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी वाढली. "पोऱ्या सोन्यासारका हाय गो," म्हणाली, "आनि आपल्या काल्याची वलख सांगतो."

तर घरचं माणूस म्हणून मी तुला सांगते. तुझा बांध चालत नाही. त्यांना लिही, काढा म्हणून.

आणि दसरा विसरू नकोस.

ताई


वरसे, रोहा
११ ऑक्टोबर १९९६

काळू,

तुझं कार्ड आलं. सात वर्षांनी एक ओळ: "मनिकू खरं सांगतो का? पाणी आतून किती चढलं?" क्षेम नाही, कुशल नाही, पाणी किती चढलं! मी हसले, आणि हसता हसता रडले. दिशाने विचारलं, आई, काय झालं? म्हटलं, मामाचं पत्र आलं.

मनिकूला लोणावळ्याला फोन लावून विचारलं. घोट्याच्या वर, गुडघ्याच्या खाली. बास?

आता मी जे लिहिते आहे ते वाचून तू हे पत्र फाडलंस तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाच.

तुझी तार आली होती.

पाच नोव्हेंबर अठ्ठ्याऐंशी, शनिवार, दुपारी. गावात टपाल उशिरा पोचतं म्हणून तू माझ्या पत्त्यावर केली होतीस. "रजा रद्द. जहाज निघालं. येत नाही. बाबांना सांग." तारवाला वेळेवर आला, मी सही केली, तार घेतली. आदल्याच दिवशी बाबा इथे येऊन गेले होते. तुझ्यासाठी नवं फावडं करून घेतलं होतं, दांडा तासून गुळगुळीत केलेला, मला हात फिरवायला लावला होता. मी म्हटलं, दिवाळीच्या तोंडावर कसं सांगू? उद्या सांगीन. रविवारी पाहुणे होते. सोमवारी गावी निघाले आणि गडबच्या स्टँडवरून परत फिरले. तिथे कमळाकरपंच भेटले, म्हणाले, "जनूदादा खुशीत हाय, पोरगा येतोय." माझे पाय पुढे गेलेच नाहीत. बुधवारी खांड पडली.

मला वाटायचं, मी भित्री आहे. पण ते तेवढंच नाही. आयुष्यात बाबांना मी एकदाही 'नाही' म्हटलेलं नव्हतं. शाळा सोड म्हणाले, व्हय. रोह्याला देतो म्हणाले, व्हय. 'तो येत नाही' हे वाक्य त्यांच्या तोंडावर बोलायचं असतं हेच मला कोणी शिकवलेलं नव्हतं. मनिकू बांधावर जे बोलला ते बाबांना सांगताना माझी जीभ अडखळली होती, कारण ते मी माझंच सांगत होते.

तरी हे सगळं मी त्या मे महिन्यात दुरुस्त करू शकले असते. तू म्हणालास "मी कळवलं होतं". बाबा म्हणाले, "खोटं बोलतंस." तू माझ्याकडे बघितलंस. मी दारात उभी होते. मी खाली बघितलं. तुला वाटलं असेल, तार वाटेत हरवली. हरवली नव्हती काळू, दोन हातांवर उभी होती. आणि वर तुलाच दटावणारं पत्र लिहिलं, कारण तू गप्प राहिलास की माझं झाकलेलं झाकलेलं राहणार होतं.

तू ये किंवा येऊ नकोस. आता ये म्हणायचा अधिकार मला नाही. पण गावकीत तुझा वाटा माझ्या गप्प राहण्याने जाऊ देणार नाही. मी बोलणार आहे. तिथे काय होईल कोण जाणे.

मैना


वरसे, रोहा
२४ ऑक्टोबर १९९६

प्रिय काळू,

तुझं उत्तर आलं नाही, ते बरोबरच आहे.

परवा गावकी बसली. देवळासमोर पुरुष, आणि मागे ओट्याखाली आम्ही बायका. कमळाकरपंच भला माणूस आहे, त्याला हे काम आवडत नव्हतं. दोनदा खोकला, मग म्हणाला, "जनूदादा, पोराचा काय निरोप?"

बाबा जमिनीकडे बघत बसले.

मी उठले. आपल्या गावकीत बाई उभी राहिलेली मी पाहिलेली नाही. मागून आईने पदर ओढला, "बस गो मैने." मी म्हटलं, "काळूची तार आली होती. येत नाय म्हणून. दिवाळीच्या चार दिवस आधी. ती माझ्याकडं होती. मी बाबांना दिली नाय."

पारावरच्या पिंपळाची पानं वाजतात, ते एरवी ऐकू येत नाही. तेव्हा आलं.

बाबांनी मान वर केली. ओरडतील असं वाटलं होतं. नुसतं विचारलं, "चार दिस?"

"व्हय."

"चार दिसात दोन मान्सं मिळाली असती," ते म्हणाले. माझ्याशी नाही, स्वतःशीच. आईने पदर सोडला नव्हता. अगदी हळू म्हणाली, "आठ वरसं कशी गो राखलंस पोटात?" काळू, ती चिडली असती तर मी तग धरला असता. एवढ्याने मी मोडून गेले.

मागून कोणीतरी म्हणालं, तार आली काय नि नाय काय, माणूस बांधावर नव्हता तो नव्हताच. ते खरंच होतं. कमळाकरपंचाने मान हलवली. आणि मग बाबा उठले. गुडघ्यावर हात देऊन, हळूहळू. मला वाटलं, आता निघून जाणार.

"मना येक सांग," त्यांनी पंचाला विचारलं. "दुसऱ्या गावची खांड गेली, त्यांनी हाक घातली, नि आपला मानूस तिकडं गेला. आनि मागनं आपला बांध फुटला. त्या मान्साचा खाडा धरायचा?"

कमळाकरपंच म्हणाला, "नाय. ज्याची हाक आदी, मानूस त्याचा. तुमीच ठरवलंय ते, तुमी पंच व्हते तवा."

"मग त्यांची हाक आदीची हाय. सा दिस आदीची. आपला बांध अमावस्येला फुटला."

"पन जनूदादा, ते गाव जोळातलं कुठं हाय? समिंद्रापार हाय."

बाबांनी हात खाडीच्या दिशेला केला. "मधी काय हाय? पानीच ना? त्यांची जमीन दीड पुरुस. तुमच्या माज्या बांधाएवडी. सगला देसच बांधावर बसलाय त्यांचा. त्यांनी हाक घातली नि माजा पोरगा रातोरात गेला. मग त्यो जोळात नाय तर कोन हाय?"

मी बाबांना सत्तर वर्षांचे म्हणून ओळखते, चिखलात वाकलेले. त्या दिवशी ते मला एवढे मोठे दिसले की मला त्यांच्याकडे धड बघता येईना. शाळा तिसरी. नकाशा कधी बघितलेला नाही. पण दोन देशांमधलं जे नातं आहे, ते त्यांनी आपल्या जोळाच्या कायद्यात नेमकं बसवलं.

एकाने तरी विचारलंच, "मग त्याच्या म्होरची आठ वरसं?"

"ती माज्या नावावर धरा," बाबा म्हणाले. "पोरगा दारात आल्ता. मी पाठ दावली. मंग त्यो बांधावर कुठनं येनार?"

कमळाकरपंचाने कोणाला विचारलं नाही. वाटा तुझ्या नावावर राहिला, काळू. अठ्ठ्याऐंशीचा खाडा काढला. त्याच्या धाकट्या मुलाने येऊन बाबांच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, काळूदादा येईपर्यंत मी घमेली देतो. बाबांनी त्याला "तुजा वाटा तू बग" म्हटलं नाही.

माझ्याशी मात्र ते बोलले नाहीत. मी न जेवता परत आले.

आज दुपारी ते एकटेच एसटीने इथे आले. आत आले नाहीत, ओट्यावर बसले. पाणी दिलं, ते प्याले. मी समोर उभी. म्हणाले, "मैने, तू मना भितंस?" मी म्हटलं, "व्हय." त्यांनी तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "त्यो पोऱ्या बोलला ते खरं हाय. मोठ्यानं इचारल्याबिगर धाकट्याच्या तोंडून नको निगत नाय. मी तुमाला कवा इचारलंच नाय." आणि मग, "वही आन. लिव."

खालचं त्यांनी सांगितलेलं आहे, त्यांच्याच शब्दांत, एकही शब्द मी बदललेला नाही. मी लिहीत असताना ते शेजारी बसून माझ्या पेनाकडे बघत आहेत.

"काळूस,

त्या बेटावाल्यांना आदी कागूद धाड. बांध काडा म्हनावं. त्यांच्या तोंडून निगनार नाय, तुज्या तोंडून निगाया पायजे. कागूद धाडलास की मंग घरी ये, त्याच्या आदी येऊ नको.

तुज्या मैनाबायनं चूक केली. ती तिनं गावापुढं सांगितली. तिला बोलू नको.

वाळूत बांध घालू नये. बाकी तुजं काय चुकलं नाय."